कोणी हीरो का बोलवत नाही? थंडीच्या मोहिमेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच थंडीत ब्लँकेट वाटणाऱ्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर तेच प्रश्न परत सुरू होतात, कलाकार कोण येणार, फोटो कुठे टाकणार, मागच्या वेळी बॅनर का नव्हता वगैरे. मी यादी आणि हिशेब बघते त्यामुळे फोन मलाच येतात, आणि इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या अर्ध्या लोकांना मी तीच कॅसेट ऐकवलेली आहे. म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय, यापुढे कोणी विचारलं की हेच पाठवणार. लांब झालंय, चहा घेऊन बसा.

आधी तुम्ही ब्लँकेट वाटायला कलाकार बोलवायचात ना? मग बंद का केलं?

हो, बोलवायचो. शेवटच्या वेळी टीव्हीवरचा एक कलाकार आला होता, नाव सांगत नाही कारण माणूस वाईट नव्हता, सगळ्यांशी नीट बोलला, पोहे दोनदा मागून घेतले. घोळ झाला तो दुसरीकडेच. आमच्या यादीत एक मावशी होत्या, चार घरची धुणीभांडी करतात. टीव्हीवाला येणार असं त्यांना कळलं म्हणून त्या लग्नाकार्यात नेसायची मोतिया साडी नेसून आणि गजरा माळून आल्या. पाहुणा येणार म्हटल्यावर आपण तरी काय करतो, तेच केलं त्यांनी. तर कलाकाराबरोबरचा फोटोवाला म्हणाला, "आंटी को पीछे करो, ये गरीब नहीं लग रही."

आणि आता खरं सांगते, पुढचं मी केलं. मावशींना मागे कसं पाठवणार, रांगेत नंबर त्यांचा होता, म्हणून मीच हळूच म्हटलं, मावशी, जरा ही जुनी शाल ओढून घ्या ना वरून. त्यांनी घेतली. साडी झाकली, गजरा झाकला, फोटो मस्त आला. त्याचा फ्लेक्स चौकात संक्रांत होऊन गेली तरी लटकत होता. नंतर एकदा भाजीवाल्याकडे भेटल्या तेव्हा विचारलं त्यांनी, "ताई, साडी दिसली असती तर काय बिघडलं असतं?" मला काही बोलताच आलं नाही, भेंडी निवडत उभी राहिले.

तेव्हापासून बंद आहे. मंडळाच्या मीटिंगमध्ये भांडणं झाली, दोन जण अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, ते असो.

पण असे फोटो बघूनच लोक पैसे देतात, हे तर मान्य कराल?

मान्यच आहे. हे कोणी नाकारत नाही, उलट यावर चांगले प्रयोग झालेत. २००७ साली डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या तिघांचा एक पेपर आला होता. लोकांना ५ डॉलर दिले आणि विचारलं की यातले किती दान करता. काही जणांना मालीमधल्या रोकिया नावाच्या ७ वर्षांच्या मुलीची गोष्ट दाखवली, काहींना फक्त आकडे दिले की आफ्रिकेत इतके लाख लोक उपाशी आहेत. रोकियाला सरासरी २.३८ डॉलर मिळाले, आकड्यांना १.१४.

इथपर्यंत तुमचंच बरोबर. पण तिसऱ्या गटाला रोकिया आणि आकडे दोन्ही एकत्र दाखवले, तर तिथे सरासरी आली १.४३. म्हणजे एका मुलीच्या शेजारी तुम्ही मोठं चित्र ठेवलं की हात आखडतो. आता मोहीम चालवणाऱ्याच्या जागी बसून बघा, तो काय करेल? मोठं चित्र काढून टाकेल. दुष्काळ का पडला, मजुरी का बुडली, जमीन कोणाच्या नावावर आहे, हे सगळं कापलं जातं, उरतो एक चेहरा आणि खाली क्यूआर कोड. कोणी दुष्टपणे करतं असं नाही, पैसे जमवायचं गणितच त्याला तिकडे ढकलतं. आमचा फोटोवाला तेच गणित करत होता, फक्त तो मोठ्याने बोलला.

आणि सेलिब्रिटी असला की जास्त लोकांपर्यंत पोचतं, हे?

हे आपण समजतो तितकं नाही. ब्रिटनमध्ये डॅन ब्रॉकिंग्टन आणि स्पेन्सर हेन्सन या दोघांनी लोकांना सात नावाजलेल्या संस्था सांगून विचारलं की यांच्याशी कोणता सेलिब्रिटी जोडलेला आहे, तर साधारण दोन-तृतीयांश लोकांना एकही जोडी सांगता आली नाही. त्यांचं म्हणणं असं की सेलिब्रिटीचा फायदा बहुतेक वेळा सेलिब्रिटीलाच होतो. आमचाही अनुभव तोच, त्या वर्षी सेल्फी भरपूर निघाल्या आणि ब्लँकेटं आधीच्या वर्षाइतकीच जमली. आणि एक, मानधन नको म्हणणारे कलाकार असतात पण बरोबरच्या मंडळींचं हॉटेल, गाडी, जेवण हे मंडळाच्याच खिशातून जातं, वरून स्टेजवर "मी तुमच्यासाठी आलो". आयजीच्या जिवावर बायजी उदार.

हे सगळं सुरू कुठून झालं?

फोटोचं म्हणाल तर आपल्याच देशातून, एका अर्थी. १८७६ ते ७८ च्या मद्रासच्या दुष्काळात विलोबी हूपर नावाच्या इंग्रज फौजी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेली माणसं ओळीने बसवून फोटो काढले, त्या काळीसुद्धा त्यावर टीका झाली होती. त्या फोटोंमध्ये कोणाचंच नाव नाही. याच्या उलट १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात पायी फिरले आणि शाईने चित्रं काढली, कोण माणूस, कुठलं गाव, काय झालं हे लिहून घेत. त्यांची पुस्तिका इंग्रजांनी जप्त करून नष्ट केली. हूपरच्या फोटोंची कोणाला भीती वाटली नव्हती, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

स्टार लोकांचं मोठं प्रकरण म्हणजे १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली बांगलादेशसाठीची मैफल. रविशंकरांनी बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला सांगितलं आणि त्याने मित्र गोळा केले. सरोदला अली अकबर खाँ होते, म्हणजे आपल्या मध्य प्रदेशातल्या मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँचे चिरंजीव, आणि रविशंकर बाबांचेच शिष्य, त्यामुळे आम्ही थोडा हक्क सांगतो त्यावर. तिथे वाद्यं जुळवून होताच लोकांनी टाळ्या वाजवल्या, हा किस्सा प्रसिद्ध आहे. लोकांचा हेतू चांगलाच होता हो, काय चाललंय ते कळत नव्हतं एवढंच. त्या मैफलीच्या अल्बमच्या कव्हरवर रिकाम्या ताटासमोर बसलेलं एक खंगलेलं मूल होतं. १९७० चं चक्रीवादळ, पाकिस्तानी लष्कराची कारवाई, भारतात आलेले सुमारे १ कोटी निर्वासित, यातलं त्या कव्हरवर काय दिसतं सांगा. तिकिटांचे सुमारे अडीच लाख डॉलर युनिसेफला लगेच गेले, पण अल्बमचा पैसा अमेरिकेच्या टॅक्स खात्यात कित्येक वर्षं अडकला कारण आधी कागदपत्रं नीट केलेली नव्हती. पावती आणि कागद यावर मी इतकी कटकट का करते ते आता कळलं असेल.

इथिओपियासाठी गाणं काढलं होतं त्याने तर जीव वाचले ना? त्यात काय चूक?

अन्न पोचलं आणि त्याने जीव वाचले, यावर वाद नाही. चूक चित्राची आहे, आणि ती चाळीस वर्षं पुसली गेलेली नाही.

ऑक्टोबर १९८४ मध्ये बीबीसीवर मायकल बर्क यांचा उत्तर इथिओपियातला रिपोर्ट लागला. कॅमेरा मोहम्मद अमीन या केनियातल्या माणसाचा होता, गायकांची नावं सगळ्यांना पाठ आणि याचं कोणालाच नाही. तो रिपोर्ट बघून बॉब गेल्डॉफ आणि मिज उर या गायकांनी नाताळचं गाणं काढलं, मग १३ जुलै १९८५ ला लंडन आणि फिलाडेल्फियात लाइव्ह एड ही मदतीची मैफल झाली. गाण्याच्या नावातच प्रश्न होता की त्या बिचाऱ्यांना आज नाताळ आहे हे तरी ठाऊक असेल का. अहो, इथिओपिया चौथ्या शतकापासून ख्रिस्ती आहे, त्यांचा नाताळ ७ जानेवारीला असतो, तो त्यांना विचारून घ्यायचा होता. गाण्यात असंही आहे की तिथे काही उगवत नाही, नदी वाहत नाही. ब्लू नाईल तिथल्याच ताना सरोवरातून निघते आणि तुम्ही सकाळी पिता ती कॉफी मूळची तिथलीच.

आणि उपासमार नुसत्या पावसाने झाली नव्हती. उत्तरेत युद्ध चालू होतं, मेंगिस्तूचं लष्करी सरकार बंडखोरांच्या भागातल्या लोकांना जबरदस्तीने दुसरीकडे हलवत होतं, त्यात माणसं मरत होती. एमएसएफ या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेच्या फ्रेंच डॉक्टरांनी हे जाहीरपणे बोललं तर डिसेंबर १९८५ मध्ये त्यांना देशातून हाकलून दिलं. म्हणजे ज्याने कारण सांगितलं तो बाहेर, आणि ज्याने पाऊस नाही म्हणून गाणं म्हटलं त्याची काही अडचण नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात बंगालबद्दल हेच दाखवलं होतं की १९४३ ला धान्य तितकं कमी नव्हतं, १९४१ ला त्याहून कमी होतं, लोकांकडे ते विकत घ्यायची ताकद उरली नव्हती. हे फोटोत कसं दाखवणार? रिकामं ताट दिसतं, बुडालेली मजुरी दिसत नाही.

२०१४ ला इबोलासाठी तेच गाणं परत केलं तेव्हा फ्यूज ओडीजी या ब्रिटिश-घानाई गायकाने नकार दिला. २०२४ ला चाळीस वर्षांची आवृत्ती आली तेव्हा एड शीरन म्हणाला की माझा जुना आवाज वापरताना मला विचारलं नाही, विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं.

हे गोऱ्या लोकांचं झालं. आपल्याकडे कुठे असं असतं?

हा प्रश्न वाचून मी हसले, रागावू नका. इंग्लंडला आफ्रिका आहे तसा इंदूरला झाबुआ आहे, आपल्या शेजारचा भिलांचा जिल्हा.

२०१९ ला कॉमिक रिलीफ या ब्रिटिश मदतसंस्थेसाठी युगांडाला गेलेल्या टीव्हीवरच्या स्टेसी डूलीने तिथलं एक मूल कडेवर घेऊन इन्स्टाग्रामवर फोटो टाकला, त्यावर डेव्हिड लॅमी या खासदाराने टीका केली की जगाला आता आणखी गोरे तारणहार नकोत, खूप गदारोळ झाला आणि २०२० मध्ये त्या संस्थेने सेलिब्रिटींना आफ्रिकेत पाठवून फिल्म करणं थांबवतो असं जाहीर केलं. त्याआधी २०१२ मध्ये नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांनी एक भारी व्हिडिओ केला होता, त्यात आफ्रिकेतले लोक थंडीने कुडकुडणाऱ्या नॉर्वेच्या लोकांसाठी रेडिएटर गोळा करतात. बघा जरूर. मग मी मनात म्हटलं, समजा झाबुआच्या भिलांनी व्हिडिओ काढला की इंदूरच्या लोकांना बघा, बिचारे ट्रॅफिकमध्ये बसलेत, शेजाऱ्याचं नाव माहीत नाही, चला त्यांना आपल्या भगोरियाच्या जत्रेला बोलवू या, तर कसं वाटेल आपल्याला?

आपल्या किती मंडळांच्या ट्रिपा जातात झाबुआ-अलीराजपूरला, वह्या वाटतात, मुलांना ओळीत उभं करतात, "निरागस हास्य" असं खाली लिहून टाकतात. त्या मुलांमधले काहींचे वडील नाहीत. का नाहीत? झाबुआ, अलीराजपूर, धारमधून माणसं गुजरातला दगड दळायच्या कारखान्यांत कामाला जायची, क्वार्ट्झची बारीक धूळ छातीत बसायची आणि सिलिकोसिस होऊन मरायची, तरणीताठी माणसं. २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख द्या अशी शिफारस मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये गुजरात सरकारला केली, तरी सुप्रीम कोर्टाला २०१६ मध्ये आदेश द्यावा लागला. "निरागस हास्य"च्या फोटोत ही धूळ कुठे आहे? मूल वही घेऊन हसतंय म्हणून आपण खूश होऊन परतीला दाल-पानिये खातो. मीपण खाल्लेत.

नाना पाटेकर, आमिर खान यांच्याबद्दल काय म्हणाल? ते तर चांगलं काम करतात.

करतात, आणि सगळ्यांना एका काठीने हाणायचं नाही. नाना आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ ला नाम ही संस्था सुरू केली तेव्हा आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी मदत गेली, तोपर्यंत मागे राहिलेल्या त्यांच्या बायकांकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. चेक घेतानाच्या कार्यक्रमांचे फोटो मला बघवायचे नाहीत पण पैशाची गरज खरी होती.

आमिर खान, किरण राव यांच्या पानी फाउंडेशनचं, म्हणजे २०१६ ते २०१९ च्या वॉटर कप या गावागावांतल्या पाणी अडवायच्या स्पर्धेचं चित्र मला वेगळं वाटतं. पहिल्या वर्षी वरुड, कोरेगाव, अंबाजोगाई असे तीनच तालुके होते. त्यात गावकरी हातात फावडं घेऊन दिसायचा, बोलायचा, भांडायचा, दुसऱ्या गावाला हरवायला बघायचा, आणि स्टार येऊन श्रमदान करून जायचा. गरीब म्हणजे हात पसरलेला, हे तिथे नव्हतं. तरी माझी एक कुरकुर आहे. स्पर्धेत चर किती खणले ते मोजलं जायचं, पण पाणी आल्यावर ते उसाला कोण ओढून नेतं हा प्रश्न स्पर्धेत मावत नव्हता, तो भांडणाचा विषय आहे आणि भांडणाला स्पॉन्सर मिळत नाही.

सलमान तर आपल्या इंदूरचाच, त्याला बोलवा!

जन्म इथला, १९६५ चा, हे बरोबर. फोन नंबर असेल तर द्या. त्याची बीइंग ह्यूमन ही संस्था २००७ ची आणि मग त्या नावाचे कपडे आले, बोनो या आयरिश गायकाचं रेड २००६ चं, त्यात लाल वस्तू घ्या, काही भाग एड्सच्या कामाला. यात गरीब दिसतच नाही, टी-शर्ट दिसतो. झाकलेल्या गजऱ्यापेक्षा बरं की वाईट, मला ठरवता येत नाही.

अहिल्यादेवींनीपण दानधर्म केला, त्यांचं नाव राहिलंच ना?

राहिलं, आणि राहायलाच हवं. घाट आहेत, विहिरी आहेत, धर्मशाळा आहेत, काशीचं देऊळ १७८० चं. पण अन्नछत्रात जेवून गेलेल्यांचे चेहरे कोणत्या घाटावर कोरलेत ते मला दाखवा.

परवानगी घेऊन फोटो काढला तर चालेल ना?

तुमच्या हातात ब्लँकेट आहे आणि समोरचा थंडीत उभा आहे, आता त्याला विचारा "फोटो काढू का?" नाही म्हणेल तो? मावशीही नाही म्हणाल्या नव्हत्या. परवानगी घ्यायची तर ब्लँकेट देऊन झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, त्यांच्या घरी जाऊन घ्या आणि छापण्याआधी फोटो त्यांना दाखवा. इतकं करायला कोणी तयार होत नाही, म्हणून फोटो आपोआप कमी होतात.

मुलांचं तर बोलूच नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार देखरेख आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख छापली तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "ब्लर करतो ना ताई" असं म्हणणाऱ्या दादांना सांगणं, शाळेचा गणवेश आणि मागची पाटी दिसत होती.

आता तर इंदुरात भीक देण्यावरच बंदी आहे, मग तुम्ही वाटता कसं?

आम्ही सिग्नलवर वाटत नाही. यादी करून वस्तीत देतो, आणि सरकारी दवाखान्याबाहेर पेशंटचे नातेवाईक झोपतात त्यांना. १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरच गुन्हा, आणि भिकाऱ्याची खबर देणाऱ्याला १,००० रुपये, असा प्रशासनाचा निर्णय होता, लोकांचं पुनर्वसन करतो असंही ते सांगतात आणि काहींचं झालंही. मला फक्त हे विचित्र वाटतं की तोच म्हातारा फ्लेक्सवर असला की मोहिमेचा चेहरा आणि सिग्नलवर असला की स्वच्छतेतल्या नंबर एक शहरावरचा डाग. तो कुठल्या गावचा, इथे कसा आला, हे फ्लेक्सवाल्यानेही विचारलं नाही आणि खबर देणाऱ्यानेही नाही.

मग फोटो एकही नाही? लोकांना कळणार कसं की पैसे कुठे गेले?

गठ्ठ्यांचा फोटो टाकतो, दुकानाच्या बिलाचा टाकतो, टेम्पोचा टाकतो, आमच्या मंडळातले लोक घाम पुसतायत तो टाकतो (यावर सर्वात जास्त तक्रारी, पोट दिसतं म्हणून). आणि कोणाला स्वतःहून बोलायचं असेल तर ते जे सांगतील ते त्यांच्या शब्दांत लिहितो. गेल्या वर्षी एका रिक्षावाल्या दादांनी ब्लँकेटबद्दल अक्षर काढलं नाही, पूर्ण वेळ बॅटरीच्या कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलले. तसंच छापलं. दोन जणांनी विचारलं यात ब्लँकेट कुठे आहे. वर्गणी थोडी कमी झाली आहे, लपवत नाही.

मावशी यंदा यादीत आहेत का?

नाहीत, त्यांनीच नाव काढायला सांगितलं. कारण विचारलं नाही मी.

पावती मिळेल का? ८०जी आहे?

पावती मिळेल, ८०जी नाही, त्यामुळे टॅक्समध्ये सूट नाही, आधीच सांगते म्हणजे मार्चमध्ये फोन नको. जुने स्वेटर चालतील पण धुऊन, आणि चेन चालते का ते बघून. साड्या देणार असाल तर चांगल्या द्या, नेसून बाहेर जाता येईल अशा. रविवारी सकाळी ९ ते १२, दुपारी मी झोपते.